चुलाणाकडची जागा

१

सोलमीच्या बंदरावर दोशिकच्या घराची टिंगल केल्याशिवाय कुणाचा हिवाळा सुरू होत नसे.

इतरांच्या घरी सरळ कारभार होता. स्वयंपाकघरात एक चुलाण, चुलाणावर भाताचा हंडा, आणि जाळाचा धूर खोलीच्या जमिनीखालच्या दगडी बोळांतून फिरत फिरत मागच्या धुराड्याने बाहेर. एकाच जाळावर भात शिजायचा आणि झोपायची जमीनही तापायची. चुलाणाकडची जागा सगळ्यात ऊबदार, ती वडीलधाऱ्यांची. समोरच्या भिंतीकडचं टोक गारढोण, ते घरात ज्याचं कुणी ऐकत नाही त्याचं.

दोशिकचं एवढ्यावर समाधान नव्हतं. उन्हाळ्यात मासळी नसली की हा गडी एका खोलीची जमीन उखडायचा, डोंगरातून पाठीवर चपट्या शिळा आणायचा आणि बोळांना नवे फाटे फोडायचा. आधी चारही खोल्या झाल्या, आणि त्यांच्यासाठी एका चुलाणाची तीन चुलाणं झाली. मग ओसरी झाली. मग रताळ्यांची कोठी, जिथे ऐन थंडीत रताळ्यांना कोंब फुटले. मग कोंबड्यांचं खुराडं. धुराडं त्याने घरापासून लांब, पार अंगणाच्या फाटकाशी उभं केलं आणि तिथवर जमिनीखालून बोळ नेला, त्यामुळे अंगणात कितीही बर्फ पडलं तरी मधोमध एक पट्टा कायम उघडा राहायचा. शेवटी त्याने एक फाटा संडासाखालीही काढला, तेव्हा मात्र गावाने हात टेकले.

"जानेवारीत माणूस हौसेने जाऊन बसेल असा संडास अख्ख्या किनाऱ्यावर हा एकच," त्याचा धाकटा भाऊ इन्शिक म्हणायचा. "दादा, आता एक बोळ समुद्रापर्यंत काढ. मासे शिजूनच जाळ्यात येतील."

"काढेन की," दोशिक गंभीर चेहऱ्याने म्हणायचा. "शिळा कमी पडतायत."

त्याला थंडी सोसत नसे, एवढीच सगळी गोष्ट होती. कोळ्याचा जन्म घेतला आणि थंडीला भ्यायला, असा माणूस. होडीवरून आला की ओल्या लोकरीचा वास मारत चुलाणाकडच्या जागेवर कुशीवर पडायचा, गुडघे पोटाशी घेऊन, आणि हातांच्या ओंजळीत हूऽऽ करून फुंकर घालायचा. जेवायला बसला तरी मधूनच फुंकर. झोपताना दुलईत शिरला की बर्फासारखे पाय बायकोच्या, ओकबुनच्या, पोटऱ्यांना लावायचा. ती दर वेळी किंचाळायची. "मेले मी! पाय आहेत की मासे?" आणि तो समाधानाने म्हणायचा, "आता आलो घरी."

तिने कधी पोटऱ्या बाजूला घेतल्या नाहीत, हेही सांगायला हवं.

गेल्या हिवाळ्यात, म्योंगते मासळीच्या ऐन हंगामात, दोशिकची होडी गेली ती आली नाही. सहा जण होते. फळी नाही, वल्हं नाही, काही लागलं नाही. त्या पहाटे लेक तापाने फणफणली होती, रात्रभर जागून ओकबुनचा नुकताच डोळा लागला होता, म्हणून दोशिक तिला न उठवता गेला. एरवी उंबऱ्याशी ठरलेलं होतं. तो म्हणायचा, "जाऊन येतो." ती म्हणायची, "जाऊन या." कितीही भांडण झालेलं असो, एवढं बोलणं व्हायचंच. त्या दिवशी तेवढंच राहून गेलं, आणि ओकबुनच्या मनात कुठेतरी हे ठाण मांडून बसलं होतं की ते राहिलं म्हणूनच तो आला नाही.

घरचं माणूस बाहेर असलं की त्याच्या वाटणीचा भात झाकणाच्या पितळी वाडग्यात काढून, चुलाणाकडच्या जागेवर, दुलईखाली ठेवायचा. कितीही उशिरा येवो, त्याला गरम घास मिळाला पाहिजे. हे सगळीकडेच करतात. ओकबुन रोज करत होती. सकाळी तो भात सहा वर्षांची लेक मिओक खायची. रात्रभर दुलईत राहून तो कोमटच असायचा. कोमट असला की ओकबुनला वाटायचं, चला, आजही आपली बाजू पक्की आहे.

दुसरा हिवाळा लागला. एका सकाळी मिओकने वाडग्याचं झाकण काढलं आणि ओठ काढले.

"आई, भात गार आहे."

२

ओकबुनने आधी पोरीलाच दटावलं. "दुलई ओढली असशील तू." मग स्वतः हात घातला. वाडगा हाताला झोंबला. बाजूची जमीन छान तापलेली, बसवत नव्हतं इतकी. आणि जिथे वाडगा होता तिथला, जमिनीवर चिकटवलेला तेलकागद, जो वर्षानुवर्षांच्या जाळाने करपून काळपट झाला होता, तो मात्र गार. गार म्हणजे नुसता न तापलेला नव्हे. विहिरीच्या कठड्यासारखा गार.

ती काही भोळीभाबडी बाई नव्हती. तिने मनाशी कारणं लावली. काजळी साचून बोळ तुंबला असेल. एखादी शिळा खचली असेल. उंदरांनी बीळ केलं असेल, किंवा खालून पाणी चढलं असेल. आणि असल्या कामाला सगळं गाव ज्याला बोलावतं त्या इन्शिकला तिने बोलावलं.

इन्शिक आला, चुलाणाच्या तोंडात खांद्यापर्यंत घुसला, लांब बांबूला गवताची चुंबळ बांधून एकेक बोळ साफ केला, आणि काळाकुट्ट होऊन बाहेर आला.

"वहिनी, काही नाही. लखलखीत आहे सगळं. धुराला ओढ तर अशी आहे की माझी टोपी आत जायची." तो खोलीत आला, गुडघे टेकून तळवे फिरवू लागला. गार जागेवर हात गेला तसा थबकला. मग त्याने दुलईच्या कडेला सरकवलेला वाडगा पाहिला.

"हा दादाचा वाडगा आहे?"

"नाही."

"झाकणावर कमळ आहे."

"बाजारात ढीगभर मिळतात कमळवाले."

इन्शिकने काजळीने माखलेला चेहरा बाहीने पुसला आणि आणखी माखून घेतला. शरद ऋतूत त्यानेच खर्च करून देवऋषीण आणली होती. बुडालेल्या माणसाला पाण्यात ठेवू नये म्हणतात. देवऋषिणीने दोशिकचाच वाडगा मागितला, त्यात तांदूळ भरले, झाकण लावून पांढऱ्या कापडात बांधला आणि होडीवरून समुद्रात सोडला. ढोल वाजत राहिला. ओढून काढला तेव्हा झाकण घट्ट होतं, कापडाची गाठ तशीच होती, आणि तांदळात माणसाचा एक केस होता, म्हणजे बुडालेला माणूस वाडग्यात आला होता. किनाऱ्यावरच्या सगळ्या बायका एकदम रडल्या. ओकबुन रडली नाही, ती वाडग्याकडे बघत होती. देवऋषिणीने सांगितलं, आता हा वाडगा खडकावरच्या देवळीत राहील, घरात न्यायचा नाही.

"वहिनी," इन्शिक हळूच म्हणाला, "देवळीत कालच गेलो होतो मी. तिथे वाडगा नाही."

"वारा काय थोडा असतो तिथे?"

"पितळेचा वाडगा वाऱ्याने जातो?"

"तुम्हाला जेवायचंय की नाही? मुळ्याचं सूप केलंय."

तो जेवला. जाताना उंबऱ्यात बसून बूट घालता घालता म्हणाला, "माणूस गेला म्हणून एकदा पान वाढलं, की मग तो बाहेर गेलाय म्हणून भात झाकून ठेवू नये. त्याने काय समजायचं?"

"कुणी काय समजायचं?" ओकबुनने विचारलं. इन्शिकने दुसरा बूट चढवला आणि फाटकाकडे चालू लागला.

३

ती जागा मोठी होत गेली. म्हणजे ओकबुनला तसं वाटलं. कदाचित ती पहिल्यापासूनच तेवढी असेल, आणि तिच्या हातालाच ती हळूहळू समजत गेली असेल.

दुपारी मिओक बाहेर खेळायला गेली की ती दुलई बाजूला करायची आणि तळव्याने चाचपायची. गरम, गरम, मग एकदम गार. गाराच्या काठाकाठाने बोट फिरवत जायचं. वर एक लहान गोल. मग रुंद भाग. मग एक वळण, आत येणारं, आणि पुन्हा बाहेर. दोन-तीनदा तिने हे केलं तेव्हा काही कळलं नाही. चौथ्यांदा तिचं बोट त्या वळणावर आलं आणि तिथेच थांबलं. तो दुमडलेला गुडघा होता.

ती तशीच बसून राहिली. बाहेर कुणीतरी मासळी वाळवायच्या मांडवावर हातोडा मारत होतं.

भीती वाटली का? वाटली. पण त्या भीतीच्या खालून दुसरं काहीतरी इतक्या जोरात वर आलं की भीतीला उभं राहायला जागाच उरली नाही. ती वाकली आणि त्या गार कागदाला गाल लावला. कागद किंचित दमट होता. ओठांना खारट लागला. ओल्या लोकरीचा वास आला.

"किती उशीर केलात," ती म्हणाली, आणि मग वर्षभराचं रडणं रडली.

त्या दिवसापासून तिने जाळ वाढवला. माणूस गारठून आलाय, त्याला ऊब हवी, यात समजण्यासारखं अवघड काय होतं? एकाच्या जागी तिन्ही चुलाणं सकाळपासून धडधडू लागली. वर्षभराचा लाकूडफाटा संपत आला तसा तिने वाहून आलेली लाकडं गोळा केली, मग कुंपण काढलं, मग मोडकं कपाट फोडलं. घर नुसतं तापून निघालं. पलीकडच्या खोलीतला कागद करपून फुटला. खुराड्यातल्या कोंबड्या एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागल्या आणि अवेळी अंडी देऊ लागल्या. गावातल्या बायका पाठ शेकायला शिवणटिपण घेऊन येत, त्यांना बसायला खाली लाकडी पाट घ्यावा लागे.

ती एक जागा मात्र तशीच गार.

कधी कधी, चुलाणाची ओढ बदलली की जमिनीखाली आवाज व्हायचा. वारा बोळातून जाताना होतो तसाच. हूऽऽ. थोडं थांबून पुन्हा हूऽऽ. वारा आहे, ओकबुन स्वतःला सांगायची. धुराड्याचं तोंड समुद्राकडे आहे, समुद्रावरून वारा येणारच. पण वारा असा ओंजळीत फुंकर घातल्यासारखा, मोजून मापून येत नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं सुख होत होतं. हात भाजेपर्यंत ती जाळ सारत राहायची. "आता? आता लागतेय का ऊब?" ती चुलाणाच्या तोंडाशी बसून विचारायची.

४

सामचॉकवाली आजी म्हणजे गावातलं सगळ्यात तिखट तोंड. नवरा आणि दोन मुलगे समुद्राला देऊन बसलेली बाई, पण तिच्यासमोर कुणी सुस्कारा सोडायची सोय नव्हती. ती रोज दुपारी यायची आणि हक्काने चुलाणाकडच्या जागेकडेच सरकायची.

"सरक गं यांगयांगवाली," ती ओकबुनला म्हणाली. माहेरच्या गावावरून हाक मारायची तिथली रीत. "म्हाताऱ्या हाडांना चांगली जागा दे. तुझ्या नवऱ्याने एवढी भट्टी बांधली ती काय तुझ्या एकटीच्या ढुंगणासाठी?"

"आजी, तिथे नको. इकडे बसा."

"का? तिथे काय राजा झोपलाय?"

आणि ती बसली. बसली ती तशीच उठली. इतक्या चपळाईने की हातातलं लसणाचं टोपलं उलटलं. बाकीच्या बायका हसल्या. "आजी, चटका बसला वाटतं!" आजी हसली नाही. तिने वाकून कागदावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि मग लसूण वेचायला लागली.

बायका उठून गेल्यावर ती मागे राहिली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मला शिकवू नकोस. ऊब लागतेय का त्याला?"

ओकबुनने मान खाली घातली. "नाही."

"नाहीच लागायची." आजीने टोपलं कमरेवर घेतलं. तिचा आवाज तोच होता, रोजचा, खडबडीत. "दगडाची ऊब जुनी असते. त्याला ती कळत नाही. त्याला अंगाची कळते." दारात थांबून ती म्हणाली, "पोरीला कुठे झोपवतेस?"

"माझ्याजवळ. का?"

"कुठल्या बाजूला?"

ओकबुनने पाट गोळा करायला घेतले. पोर रात्री आपली आपण लोळत जाते, कधी डोकं इकडे, कधी पाय तिकडे. सहा वर्षांच्या पोरीची बाजू कोण बघतं? पण गेले काही दिवस सकाळी मिओकचे हात धरले की ते गार लागायचे, एवढ्या तापलेल्या घरात, हे तिला आठवलं. ते तिने मनातल्या मनात कुठेतरी खाली दडपून ठेवलं होतं, तेही आठवलं.

"मिओक," तिने संध्याकाळी भात वाढता वाढता सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला झोपेत थंडी वाजते का गं?"

मिओकने किमचीचा तुकडा भातावर नीट पसरला. "वाजते. पण मी किंचाळत नाही."

"म्हणजे?"

"बाबा पाय लावतात. तू किंचाळायचीस ना, मी नाही किंचाळत." आणि मोठ्या शहाण्यासारखं म्हणाली, "किंचाळलं तर ते जातील."

५

तरीही तिने दोन दिवस काढले. हे तिच्या बाजूने सांगण्यासारखं नाही, पण तसं झालं. पोरीला भिंतीकडच्या बाजूला झोपवायचं, मध्ये आपण पडायचं, वाडगा आपल्या कुशीजवळ ठेवायचा, अशी तिने सोय लावली आणि ती सोय पुरेल असं स्वतःला पटवलं. घरात तिघंही होते. कितीतरी दिवसांनी तिघंही होते.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होतं. दुपारी मिओक चित्रं काढता काढता पेंगली. ओकबुन लाकडं आणायला कोठीकडे गेली. लाकडं संपली होती, म्हणून तिने कोठीचं दारच बिजागरीतून काढलं आणि कुऱ्हाडीने फोडायला घेतलं. त्याला वेळ लागला. ढलप्या कवेत घेऊन ती आली आणि खोलीचं दार तिने पायाने सरकवलं.

मिओक भिंतीकडे नव्हती. ती चुलाणाकडच्या जागेवर झोपली होती, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. दुलई तिच्या अंगावर होती. पण दुलईचा उंचवटा सहा वर्षांच्या पोरीएवढा नव्हता. तो तिच्या पाठीमागे लांबवर गेलेला होता, आणि तिच्याभोवती वळलेला होता, लेकराला पोटाशी घेऊन बाप झोपतो तसा. उंचवटा हळूहळू वर जात होता आणि हळूहळू खाली येत होता.

ओकबुनच्या हातून ढलप्या पडल्या. दुलई खाली बसली. हवा गेल्यासारखी, नुसतीच बसली.

तिने पोरीला ओढून घेतलं. मिओकचे ओठ निळे होते, पापण्या अर्धवट उघड्या, अंग बाजारातल्या मासळीसारखं गार आणि जड. ओकबुनने तिला उघड्या छातीशी धरलं, वरून कपडे घेतले, आणि बर्फातून सामचॉकवालीच्या घरापर्यंत धावत गेली. त्या घरात एकच लहान चुलाण होतं आणि जमीन जेमतेम कोमट होती. आजीने मिओकचे पाय स्वतःच्या काखेत घेतले. बऱ्याच वेळाने पोर कण्हली, मग रडायला लागली.

"बाबा कुठायत?" मिओक रडत रडत विचारत होती. "मी किंचाळले का?"

"नाही गं बाळा," ओकबुन म्हणाली. "तू नाही किंचाळलीस."

आजीने तिच्याकडे पाहिलं. "जा. पोर माझ्याकडे आहे. जे करायचं ते कर, आणि उजेड आहे तोवर कर."

ओकबुन परत आली. तिने तिन्ही चुलाणांतले निखारे ओढून काढले आणि बाहेर बर्फात टाकले. ते चुरचुरले, वाफ आली, काळे झाले. मग ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

दुलईचं टोक उचलून ती आत शिरली. एकदाच, तिने मनाशी म्हटलं. एकदा तरी. चुलाणाकडे पाठ करून ती कुशीवर पडली आणि वाट पाहिली. घर सगळीकडून शांत झालं होतं. जमिनीखाली, ओढ मंदावत होती तशी, हूऽऽ आवाज आला. थोडं थांबून पुन्हा आला, आता जमिनीखालून नव्हे.

पोटऱ्यांना दोन पाय लागले.

ती किंचाळली नाही. तोंडात दुलई कोंबून ती पडून राहिली, डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, आणि पोटऱ्यांतून सगळ्या अंगातली ऊब खाली, मागे, त्या पायांकडे जात राहिली. किती बरं वाटत होतं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. असंच पडून राहावं, काही करू नये, एवढंच तिला हवं होतं. बोटं बधिर झाली. मग गुडघे. मिओकच्या ओठांचा रंग डोळ्यांसमोर आला तेव्हाच ती बोलू शकली.

"अहो," ती म्हणाली, होडीच्या दिवशी पहाटे उठवायची तसं, मागे वळून न बघता. "उठा. होडी निघाली."

मागे काही हललं नाही.

"उठा ना. सगळे थांबलेत तुमच्यासाठी."

एक दीर्घ श्वास तिच्या मानेवर आला. खारा, दमट, आणि किंचित, अगदी किंचित कोमट. दुलई उचलली गेली. पाय निघाले. कागदावर उघड्या तळव्यांचा चिकट आवाज दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याशी थांबला.

तो थांबला, कारण तिथे थांबायची त्याची रीत होती.

ओकबुनने सगळं ठरवून ठेवलं होतं. फक्त "जा" म्हणायचं. एक अक्षर. त्या पहाटे काही म्हणता आलं नव्हतं, आता हे म्हणायचं आणि मोकळं करायचं त्याला, आणि पोरीला. तिने डोळे उघडून पाहिलं. दारावरच्या कागदातून बर्फाचा उजेड येत होता, आणि त्या उजेडात एक वाकलेली पाठ होती, बूट घालणाऱ्या माणसाची. ओल्या लोकरीतून पाणी टपकत होतं. मानेवरचे केस ती स्वतः कापायची तसे वाकडेच होते.

"जाऊन या," ती म्हणाली.

६

सकाळी बर्फ थांबलं होतं. चुलाणं रात्रभर बंद होती. एवढ्या शिळा दोन-चार दिवस ऊब धरून ठेवतील असं तिला वाटलं होतं, पण घर कुठल्याशा जुन्या देवळासारखं गार पडलं होतं. तिने चारही खोल्यांतून गुडघ्यांवर फिरत तळवा फिरवला. सगळीकडे सारखंच. त्याची जागा कुठे सुरू होते आणि कुठे संपते, तेही आता हाताला कळेना. वाडगा दुलईखाली नव्हता. तिने तो कुठेच नेलेला नव्हता.

इन्शिक बर्फ काढायला फावडं घेऊन आला आणि फाटकातच उभा राहिला.

"वहिनी, चुलाण पेटवलंय का?"

"नाही. काल संध्याकाळपासून नाही."

"मग हे काय?"

अंगणातला तो पट्टा उघडा होता. ओली काळी माती, आणि तिच्यातून मंद वाफ निघत होती. उंबऱ्यापासून धुराड्यापर्यंत, नेहमीसारखा. पण धुराड्याशी तो थांबला नव्हता. फाटकातून बाहेर पडून, मासळीच्या मांडवांमधून, गोट्यांच्या उतारावरून, जिथे कुणी कधी शिळा घातल्या नव्हत्या तिथून, माणूस चालेल एवढ्या रुंदीचा पट्टा बर्फातून सरळ खाली गेला होता. पाण्यापर्यंत.

इन्शिक कसंनुसं म्हणाला, "मी चेष्टा केली होती."

"माहीत आहे," ओकबुन म्हणाली.

तिने रबरी बूट काढले, मोजे काढले, आणि त्या मातीवर अनवाणी उभी राहिली. माती कोमट होती. नुकतंच कुणीतरी उठून गेलेल्या अंथरुणासारखी. ती हळूहळू चालत पाण्यापर्यंत गेली आणि ऊब विरेपर्यंत तिथे उभी राहिली. आपण काय बोलून बसलो ते तिला तिथे, लाटांसमोर, पुरतं कळलं. ते परत घेता आलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं, एकच अक्षर म्हणायचं होतं, आणि ऐकणारा फार लांब गेलेला नसणार.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

दुपारी मिओक घरी आली, गालांवर लाली, हातात आजीने भाजलेलं रताळं. ओकबुनने तिचं अंथरूण अगदी पलीकडच्या खोलीत घातलं आणि त्या दाराला आतून लावायची नवी कडी इन्शिककडून बसवून घेतली. मग तिने कोठीच्या दाराच्या उरलेल्या ढलप्या आणल्या आणि चुलाण पेटवलं.

"आई," मिओक कडी खालीवर करून बघत म्हणाली, "बाबांचा वाडगा कुठाय? भात कशात ठेवायचा?"

"वाडगा नेलाय त्यांनी," ओकबुन म्हणाली, आणि हंड्यात एक माप तांदूळ जास्त घातले.